भाकिताचे देणेकरी

२०२३च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या मामांकडे गेलो होतो. घराची पुढची खोली बंद होती. दार जरा ढकललं तर आतून कापूसच बाहेर आला. जमिनीपासून आढ्यापर्यंत खोली गच्च भरलेली. मामी म्हणाल्या, "तिकडे नको जाऊ, अंगाला खाज सुटते." साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. घरातल्या लेकरांच्या हातापायांवर लाल पुरळ उठलं होतं. पाहुणे आले तर बसवायला जागा नव्हती म्हणून खाटा ओसरीत आल्या होत्या. त्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हेच होतं.

मामांचा हिशेब सरळ होता. आदल्या वर्षी, म्हणजे २०२२च्या उन्हाळ्यात, कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. काही बाजारांत बारा हजारांपर्यंत बोली लागली होती. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात मे महिन्यात भाव पौंडाला दीड डॉलर ओलांडून गेला होता. ज्यांनी दिवाळीत घाईनं विकला ते हळहळले आणि ज्यांनी थांबवला त्यांचं सोनं झालं. मग पुढच्या हंगामात सगळ्यांनीच थांबवला. यूट्यूबवरचे बाजारतज्ज्ञ, व्हॉट्सॲपचे गट, चहाच्या टपरीवरचे व्यापारी, सगळे एकच सांगत होते : थांबा, भाव येणार. मामाही म्हणाले, "दहा हजाराच्या खाली नाही विकत, बाबू."

भाव आला नाही. पेरणी तोंडावर आली, बी-बियाण्याला पैसे लागले, तेव्हा जूनमध्ये सात हजारांच्या आसपास सगळा माल गेला. वाळून वजनात घट आली ती वेगळी.

मामांचा अंदाज अडाणीपणाचा नव्हता. तो गेल्या वर्षीच्या अनुभवावर उभा होता आणि जगातले मोठमोठे अंदाजही तसेच उभे असतात. दरम्यान अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं एका वर्षात व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांपाशी नेला होता. युरोप-अमेरिकेतल्या माणसांनी कपडे घेणं कमी केलं आणि सूतगिरण्यांनी खरेदीचा हात आखडला. अंदाज बांधणं हा ज्यांचा धंदाच आहे त्यांनाही हे नीट आधी दिसलं नाही. पण चुकलेल्या अंदाजाचं बिल सगळ्यांकडे सारखं आलं नाही. मोठ्या व्यापाऱ्याजवळ वायद्याचं कवच होतं आणि गिरणीला पतपुरवठा होता. यूट्यूबवाल्याचा तर एक पैसाही अडकला नव्हता. मामांकडे होती फक्त कापसानं भरलेली खोली.

तेव्हापासून 'जागतिक अर्थव्यवस्थेचं पुढचं वर्ष कसं जाईल' असा मथळा दिसला की मला ती खोली आठवते. विकासदर किती, महागाई किती, निर्देशांक कुठं जाईल, सोनं कुठवर चढेल हे सगळं त्या लेखांत असतं. हा अंदाज चुकला तर भरपाई कुणाच्या खिशातून होणार, एवढंच नसतं. माझं म्हणणं असं की आर्थिक भाकिताबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. भाकीत बरोबर की चूक हा त्यानंतरचा.

हा प्रश्न आपल्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी रक्ता-घामानं विचारला गेला आहे, म्हणून ती हकिकत जरा तपशिलात सांगतो.

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो बंद झाला आणि मँचेस्टर-लिव्हरपूलची नजर मुंबई बंदराकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, जिथून मिळेल तिथून कापूस मुंबईकडे निघाला. भाव काही पटींनी वाढला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो मावायला जागा नव्हती, म्हणून कंपन्या निघाल्या : बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या. बॅकबेचा समुद्र अजून जिथल्या तिथं होता, पण त्याच्या पोटातल्या जमिनीचे शेअर दसपट भावानं फिरत होते. दलाल प्रेमचंद रायचंद हे या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते. शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा बँक ऑफ बॉम्बेला १८६३मध्ये मिळाली होती. त्यामुळे शेअरवर कर्ज आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर अशी साखळी तयार झाली.

या सगळ्याखाली एकच भाकीत होतं, की युद्ध चालूच राहील. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या देण्याघेण्याचा दिवस होता. त्या दिवशी पैसे घ्यायचे सगळ्यांनाच होते, द्यायला मात्र कुणाकडेच नव्हते. ज्या बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढं ८७ रुपयांना विकला गेला. १८६८ साली ती बँक गुंडाळावी लागली.

मुंबईची गोष्ट बहुतेकांना इथपर्यंत माहीत असते. पण मुंबई सावरली. त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. १८७५ साली दलालांनी आपली संघटना बांधली आणि तिचाच पुढं मुंबई शेअर बाजार झाला. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर १८७८मध्ये पुरा झाला. तो आजही ओव्हल मैदानाशेजारी दिमाखात उभा आहे.

खरं बिल घाटाच्या वर गेलं होतं. तेजीच्या वर्षांत मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरांतल्या सावकारांना आणि त्यांनी गावच्या सावकारांना सढळ हातानं पैसा दिला होता. एरवी दहा रुपयांना मोताद असलेल्या कुणब्याला मागेल तेवढी उचल मिळत होती. युद्ध संपलं आणि उचल थांबली. जुन्या कर्जाचे रोखे व्याजासकट नवे करून त्यांवर अंगठे घेतले जाऊ लागले. त्यातच १८६७पासून सरकारनं शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली. काही तालुक्यांत सारा निम्म्यानं वाढला, कुठं त्याहूनही जास्त. म्हणजे सरकारनंही तेजीचं भाकीत खरं मानून त्याची वसुली मंदीत केली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांत शिरले. त्यांनी मागितली ती वहीखाती आणि कर्जरोखे, आणि ते सगळं चौकात आणून जाळलं. दंगा पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

त्या माणसांनी काय जाळलं याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. लिव्हरपूलचा भावफलक त्यांच्या हाताला लागणारा नव्हता. जनरल ली यांचं नाव त्यांनी ऐकलेलं असण्याचं कारण नव्हतं. सातासमुद्रापारचं भाकीत उतरत उतरत ज्या शेवटच्या कागदावर येऊन थांबलं होतं, तो त्यांचा अंगठा असलेला रोखा होता. साखळीतल्या प्रत्येकानं आपलं ओझं खालच्याच्या डोक्यावर दिलं होतं. सुप्याच्या कुणब्याच्या खाली कुणी नव्हतं.

आता आजच्या भाकितांकडे येऊ. सगळ्यांत वजनदार अंदाज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा. दर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सविस्तर, मधे जानेवारी-जुलैमध्ये सुधारित. एप्रिल २००७मध्ये निधीनं ते वर्ष आणि पुढचं वर्ष जगाची वाढ ४.९ टक्के राहील असं म्हटलं होतं. सुमारे दीड वर्षानं लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि २००९मध्ये जगाचं उत्पादन चक्क घटलं. जानेवारी २०२०मध्ये अंदाज होता ३.३ टक्के वाढीचा. त्या वर्षी जगानं दारं लावून घेतली आणि अर्थव्यवस्था सुमारे तीन टक्क्यांनी आकसली. २०२५चंच उदाहरण घ्या. जानेवारीत निधी म्हणाला ३.३. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आयातशुल्काचे फलक फडकावले, तेव्हा २.८. जुलैत ३, ऑक्टोबरमध्ये ३.२. दहा महिन्यांत आकडा खाली जाऊन जवळपास मूळ जागी आला.

याचा अर्थ तिथली माणसं अजाण आहेत असा कुणी काढू नये. त्यांची अडचण खरी आहे. भाकीत करायचं म्हणजे उद्याला कालच्या सुतात ओवायचं. पण जगाला ढवळून काढणारी गोष्ट कालच्या सुतात नसतेच. विषाणू, युद्ध, एका माणसाची सही यांतली कुठलीही गोष्ट समीकरणात आधी मांडता येत नाही. दुसरं असं की भाकीत ऐकणारी माणसं स्वस्थ बसत नाहीत. कापूस चढणार म्हणून सगळ्यांनी घरात भरला, म्हणूनच पुढं एकदम बाजारात आला आणि भाव दबला. पावसाच्या अंदाजानं पाऊस बदलत नाही, बाजाराच्या अंदाजानं मात्र बाजार बदलतो. निधीच्या अहवालात धोक्यांवरची पानंच्या पानं असतात आणि ती प्रामाणिकपणे लिहिलेली असतात. पण बातमीत येताना ती गळतात आणि एक आकडा उरतो. गावापर्यंत पोचेतो तो आकडाही उरत नाही, 'थांबा, भाव येणार' एवढंच उरतं.

मग आजच्या जगाबद्दल काहीच म्हणता येणार नाही का? येतं. पुढं काय होईल हे सांगता येत नसलं तरी आज वजन कुठं साचलं आहे आणि ते घसरलं तर कुणावर पडेल हे बऱ्यापैकी दिसतं.

वजन तीन ठिकाणी साचलं आहे. पहिलं, कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या आशेवर. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया या एका कंपनीचं बाजारमूल्य ऑक्टोबर २०२५मध्ये ५ लाख कोटी डॉलरपर्यंत गेलं. त्याच महिन्यात नाणेनिधी आणि बँक ऑफ इंग्लंड या दोघांनीही या क्षेत्रातले शेअर एकाएकी उतरण्याच्या धोक्याचा इशारा दिला. तंत्र खरं आहे, यात मला शंका नाही. पण १८६४ सालीही कापूस खराच होता, आणि बॅकबेची जमीनही पुढं खरीच झाली. फुगलेल्या भावाखाली खरी वस्तू असली की धोका वाढतो, कारण मग जाणती माणसंही आत शिरतात.

दुसरं, सरकारांच्या कर्जावर. एकट्या अमेरिकी सरकारचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढं गेलं आहे. सोनं २०२५मध्ये औंसाला चार हजार डॉलर आणि आपल्याकडे तोळ्याला लाखाच्या वर गेलं. त्यामागं हीच धाकधूक आहे, की कागदी वचनांवर किती भरवसा ठेवायचा. लेकीच्या लग्नासाठी जळगावच्या सराफ्यात गेलेल्या बापाला त्या धाकधुकीची किंमत रोकडीत मोजावी लागते.

तिसरं वजन आयातशुल्काच्या भांडणाचं. हे कुठं पडतं ते आपण डोळ्यांदेखत पाहिलं. २७ ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. कपडे निर्यात करणारे अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. म्हणजे नेमकी वऱ्हाडातल्या वेचणीची वेळ. कारखानदाराला दिलासा हवा होता, हे मान्य. पण तो सरकारी तिजोरीतून देता आला असता. तो कापूस उत्पादकाच्या भावातून काढून दिला गेला. वॉशिंग्टनची सही, दिल्लीची अधिसूचना आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या बाजारातली बोली, या तीन गोष्टींत काही आठवड्यांचं अंतर होतं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला असताना व्यापारी त्याच्या बऱ्याच खाली मागत होते.

साखळी १८६५चीच आहे. फरक इतकाच की आता तिच्या शेवटच्या कडीवर शहरातला पगारदारही येऊन बसला आहे. अनेकांची निवृत्तिवेतनाची हमी गेली आणि तिची जागा बाजाराशी जोडलेल्या योजनांनी घेतली. पुण्या-नाशिकची, छत्रपती संभाजीनगरची मुलं दर महिन्याला एसआयपी भरतात. ही बचत चांगलीच आहे. पण त्यांना सांगितलं जातं की दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९च्या डिसेंबरअखेरीस ३८,९१५वर होता. ती उंची त्यानं पुन्हा ओलांडली २०२४च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षं म्हणजे माणसाची सगळी नोकरी. त्यातही ज्यांनी मधल्या पडझडीत थोडं थोडं घेतलं ते तरले आणि ज्यांनी शिखरावर सगळं लावलं ते म्हातारे झाले. 'दीर्घ मुदत' किती दीर्घ, हे सांगणाऱ्याला विचारायलाच हवं.

आणि ज्यांना दीर्घ मुदतीचा धीर नाही त्यांच्यासाठी वायदे-पर्याय आहेत. सेबीनं २०२४मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला. एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांनी पैसा गमावला आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. नफा झाला तो बहुतांशी मोठ्या संस्थांना, संगणकाच्या वेगानं व्यवहार करणाऱ्यांना. वायदा हे जोखीम कमी करायचं साधन म्हणून जन्माला आलं. ज्याच्या घरात कापूस भरला आहे त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही, आणि ज्याच्याकडे विकायला काहीच नाही त्या पोराच्या मोबाइलात ते खेळ बनून शिरलं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. भाकीत नको म्हणून देश चालेल का? रिझर्व्ह बँकेला व्याजदर ठरवायचा तर महागाईचा अंदाज बांधावाच लागतो. पेरणी हीसुद्धा अंदाजावरच होते. शिवाय जोखीम घेणाऱ्यानं नफा मिळवला तर तोटाही सोसावा, त्यात अन्याय कसला? यातलं पहिलं मला पूर्ण मान्य आहे. अंदाज बांधू नका असं मी म्हणत नाही, त्याच्या शेजारी तो चुकण्याचा हिशेब मांडा असं म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर असं की जोखीम दोन प्रकारची असते, निवडलेली आणि अंगावर आलेली. सूतगिरणीचा मालक कधी, किती, कुठल्या भावानं घ्यायचं हे ठरवतो आणि त्याला पळवाटा असतात. पाच एकरांच्या कोरडवाहू कास्तकाराला जूनमध्ये पेरावंच लागतं आणि पीककर्ज भरायच्या तारखेआधी विकावंच लागतं. त्याच्या तोट्याला 'बाजाराचा नियम' म्हणणं हे सुप्याच्या रोख्याला 'करार' म्हणण्यासारखं आहे. कागदावर खरं, माणसात खोटं.

मग करायचं काय? महाराष्ट्रानं एकदा एक मोठा प्रयोग करून पाहिला आहे. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तिच्यात एक कल्पना फार शहाणी होती, चढउतार निधीची. चांगल्या वर्षी नफ्यातला काही भाग बाजूला काढायचा, वाईट वर्षी तो भरपाईला वापरायचा. ही योजना पुढं बुडाली. बाजाराला न झेपणारे भाव निवडणुकीच्या हिशेबानं जाहीर होत गेले, प्रतवारीत आणि चुकाऱ्यांत गोंधळ झाला, निधी आटला आणि तोटा राज्याच्या अंगावर आला. या अनुभवावरून आपण निष्कर्ष काढला की असलं काही करूच नये. मला तो चुकीचा वाटतो. निधीला राजकारण्यांच्या हातापासून लांब ठेवायला हवं होतं, हा त्यातला धडा होता. २०२२ साली दहा-बारा हजारांचा भाव मिळाला तेव्हा असा निधी असता, तर २०२३ची खोली इतकी जड झाली नसती.

आणखीही गोष्टी आहेत आणि त्या आज करण्याजोग्या आहेत. गोदामात माल ठेवून त्यावर कमी व्याजानं कर्ज देणारी शेतमाल तारण योजना सोयाबीन-तुरीसारख्या मालासाठी आहे. तिचा पल्ला कापसापर्यंत वाढवून घराच्या खोलीत साठवण्याची वेळच येऊ देऊ नये. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी शंभर-दोनशे सभासदांचा माल एकत्र करून किमान भावाचं कवच विकत घ्यावं आणि त्याच्या खर्चात सरकारनं वाटा उचलावा. याउलट २०२१च्या डिसेंबरमध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले गेले आणि मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. सट्टा रोखायचा तर छोट्याच्या कवचालाच आधी कुलूप का लागतं, हे विचारलं पाहिजे. आयात-निर्यातीचा निर्णय बदलायचाच असेल तर पेरणीआधी बदलावा, वेचणीच्या तोंडावर नाही. आणि जे कुणी पुढच्या वर्षाचं भाकीत छापतात, दाखवतात, विकतात, त्यांनी त्याच पानावर आपलं मागच्या तीन वर्षांचं भाकीत आणि प्रत्यक्षात काय झालं ते छापावं. याला कायदा लागत नाही, थोडी लाज लागते.

२०२५च्या दिवाळीत मामांनी मला नेहमीचाच प्रश्न विचारला, "यंदा काय भाव निघल?" मी खरं ते सांगितलं, "मला माहीत नाही मामा, कुणालाच नाही." मग आम्ही ओसरीत वही घेऊन बसलो. पीककर्जाचा भरणा किती, कृषी केंद्राची उधारी किती, वेचणीची मजुरी, धाकटीच्या कॉलेजची फी, दवाखान्याला थोडे. भाव काहीही असो, यासाठी लागणारा कापूस आधी विकायचाच, हमीभावाच्या खरेदीत नोंदणी करून, नाही जमलं तर बाजारात. ती बेरीज झाल्यावर जे क्विंटल उरतील तेवढ्यावरच थांबायचं की नाही ते ठरवायचं. एका कागदावर तो हिशेब मावला. भावाचा अंदाज त्यात सगळ्यांत शेवटी, खालच्या कोपऱ्यात आला. त्याच्यासमोर मामांनी आकडा लिहिला आणि शेजारी, मी न सांगता, दुसरा आकडा लिहिला : इतका नाही आला तर किती जातील. पुढची खोली त्या वर्षी मोकळी राहिली. पाहुणे आले की तिथंच बसत.